वाढत्या अंगाची सायकल

फार्महाऊसवरून मागून आणलेल्या तीनचाकी सायकलीचं पुढचं चाक गुरुवारी सकाळी निखळलं आणि सव्वादोन वर्षांची चिंधी हनुवटीवर आपटली. कर्जतला नेऊन दोन टाके घालावे लागले. रडून रडून पोर आईच्या खांद्यावरच झोपली. तिला घरी आणून गोधडीवर निजवलं, आणि मग सासू-सुनेचं जुंपलं.

“बघ,” आनंदीबाई म्हणाली, “मागितलेली होती म्हणून हनुवटीवर निभावलं. नवी असती तर डोकं फुटलं असतं पोरीचं.”

“मागितलेली होती म्हणूनच पडली, आई,” नम्रता म्हणाली. “मोडकी होती ती. चाकाला पिन नव्हती, तार बांधून दिली होती मॅडमनी.”

“तार बांधून का होईना, दिली ना?”

“टाकायला लांब जावं लागतं, म्हणून दिली.”

हे खरंच होतं. त्यांच्या कोंडाणे गावाच्या वाटेवर जी फार्महाऊसं झालीत त्यातल्या एकावर नम्रता भांड्यांना जायची. मॅडमच्या नातवाला नवीन काही आलं की जुनं नम्रताच्या पदरात. आणि देताना तोंड असं, जणू सातबारा नावावर करून देतायत. वर पोरीला शिकवणार, “थँक यू म्हण हं आजीला.” मोडकं द्यायचं आणि उपकार अख्खे घ्यायचे, ही त्या लोकांची रीत.

पण मागून आणायचं कारण गरिबी नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच कणव करत बसायचा. नम्रताचा नवरा राजेश मोहोपाड्याला केमिकल कंपनीत होता. कंत्राटी का होईना, पगार वेळेवर यायचा. हजार-दीड हजाराची सायकल त्या घरात येऊ शकत होती. कारण वेगळं होतं.

चिंधीच्या आधी नम्रताला मुलगा झाला होता. तो नवव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. घरात विषय निघालाच तर नुसतं ‘तो’ म्हणत. त्याच्यासाठी सगळं नवंकोरं आणलेलं होतं. झबली, दुपटी, मच्छरदाणी, रंगीत पाळणा. आनंदीबाईनंच आणलं होतं, पोर जन्माला यायच्या आधी, स्वतः बाजारात उभं राहून, हौसेनं. तो गेल्यावर पाळणा परत द्यायलाही तीच गेली. दुकानदारानं घेतला नाही. तिनं तो डोक्यावर घेऊन घरी आणला आणि परसात जाळला.

मग चिंधी झाली. बाराव्या दिवशी आनंदीबाई पाच घरं फिरली, पाच घरच्या चिंध्या मागून आणल्या, त्यांची कुंची शिवली आणि पोरीला हाक मारायला सुरुवात केली, चिंधी. दाखल्यावर नाव दूर्वा. पण ती दूर्वा लसीच्या कार्डाबाहेर कधी आली नाही. पाच वर्षांची होईस्तोवर अंगाला नवं लावायचं नाही, हातात नवं द्यायचं नाही. सगळं मागितलेलं, वापरलेलं, दुसऱ्याचं. म्हणजे ज्या कुणाची नजर असेल त्याला वाटावं, हे पोर घरात कुणाला नकोच आहे, न्यायचं तरी कशाला.

आणि पुढचं बोलायचं नाही. ‘मोठी झाली की’, ‘शाळेत गेली की’ असं कुणाच्या तोंडून निघालं की आनंदीबाई डोळे वटारायची. सगळा गाव पोरांना कपडे घेतो ते वाढत्या अंगाचे. बाह्या दुमडायच्या, चपलेत कापूस कोंबायचा आणि दोन वर्षं रेटायची. चिंधीला मात्र आजच्या मापाचं. ती वाढेल असं धरून चालायचं नाही.

ही अंधश्रद्धा आहे हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. नम्रताला कळत होतं. पण ज्या आजीच्या मांडीवर नऊ दिवसांचं पोर गार पडलं, तिच्यासमोर उभं राहून ‘हे सगळं खोटं’ म्हणून बघा. फळ्यासमोर उभं राहून म्हणणं सोपं आहे.

शिवाय आनंदीबाईकडे पुरावा होता. जिवंत, पाच फूट आठ इंच.

“तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी दोन गेली,” ती म्हणाली. “याला पाच वर्षं उकिरड्या म्हटलं. मागितलेल्या अंगड्यात वाढवला. जगला ना?”

“तेव्हा गावात नर्सबाई यायला लागली होती, आई.”

“नर्सबाई त्याच वर्षी का आली? मी उकिरड्या नाव ठेवलं म्हणून आली.”

राजेश ऊर्फ उकिरड्या भिंतीला टेकून भाकरी खात होता. त्यानं दोघींकडे बघितलं आणि आमटी मागितली.

आठ दिवसांनी टाके काढायला चिंधीला पुन्हा कर्जतला न्यायचं होतं. सकाळपाळीला निघताना राजेशनं नम्रताच्या हातात पंधराशे रुपये ठेवले. “ओव्हरटाइमचे हायत,” एवढंच म्हणाला आणि आई अंगणात कोंबड्या सोडत होती तिकडे बघून हळूच पुढे बोलला, “नवी घे.”

“नि आईंना काय सांगू?”

“ते तू बघ.”

शूर नवरा असावा तर असा.

टाके निघाले. हनुवटीवर गुलाबी रेघ राहिली. नम्रता पोरीला कडेवर घेऊन आधी बाजारातल्या काचेच्या दुकानात शिरली. तिथल्या माणसानं तिच्या चपलेकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि तरी सगळ्यात महाग सायकल पुढे ओढली. वर छत्री, पुढे गाणं, मागे आईनं ढकलायला लांब दांडा.

“बाळाला काहीच करावं लागत नाही, ताई. तुम्ही फक्त ढकलायचं. अठ्ठावीसशे.”

“मग ती सायकल कशाला? हातगाडीच म्हणा.”

तिनं वाकून चाक दाबलं. पोकळ प्लॅस्टिक, गुळगुळीत. कोंडाण्याच्या धुळीत त्यावर पेडल मारलं असतं तर चाक जागच्या जागी फिरत राहिलं असतं. दुसरी दाखवली, साडेआठशेची. तिच्या हँडलला नम्रतानं जरा जोर लावला तर ते वळलं आणि पुढचं चाक सरळच राहिलं. काय विकतात हे लोक! मोठ्या माणसाला असलं विकलं तर तो दुकान फोडेल. लेकराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात काहीही बांधा.

“बॉक्सवर लिहिलंय बघा, दोन ते पाच वर्षं,” तो माणूस म्हणाला.

“बॉक्स बसणार हाय का सायकलीवर?” म्हणून ती बाहेर पडली.

आतल्या गल्लीत सुलेमानचाचांचं सायकलीचं दुकान होतं. नम्रताच्या बापानं त्याची पहिली सायकल तिथूनच घेतली होती. चाचा सत्तरीचे, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांची बायको रजिया गल्ल्यावर बसून लसूण सोलत होती, आणि तीन वर्षांचा नातू झुहेब दुकानाच्या फरशीवर ट्यूबच्या रिंगा लोळवत होता.

“अंगण कसं हाय तुझं?” चाचांनी पहिला प्रश्न केला. पोरीचं वय नाही, बजेट नाही.

“मातीचं. सारवलेलं.”

“उतार?”

“हाय. ओढ्याच्या अंगाला.”

“मग उंच सायकल नको. पेडल पुढच्या चाकालाच असतंय, उतारावर थांबत नाय ते. पाय टेकले पायजेत, पायच ब्रेक.” त्यांनी सुतळीचा तुकडा घेतला, चिंधीला उभं केलं आणि जांघेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. चिंधीनं त्यांचा चष्मा ओढला. “ओढ, ओढ. तेवढाच राहिलाय धड.”

“दोन ते पाच वर्षं असं असतंय ना, चाचा?”

“वय बघून चप्पल घेतेस काय तू? मग सायकल कशी वय बघून घ्यायची?”

त्यांनी आतून एक लाल सायकल काढली. लोखंडी नळीची, भरीव रबराची चाकं, मागची दोन चांगली ऐसपैस फाकलेली, सीट बुटकी. एका हातानं हँडल धरून त्यांनी ती आडवी कलती करून दाखवली. सोडली तर परत तिन्ही चाकांवर उभी. “छत्री नाय, गाणं नाय,” ते म्हणाले. “गाणं तिचं ती म्हणंल. साडेतेराशे.”

“बाराशे करा.”

“तुझ्या बापानं पण असंच केलं होतं. तेराशे, नि चिवचिवणारा भोंगा फुकट.”

तेवढ्यात राजेशचा फोन आला. कंपनीत जेवणाची सुट्टी झाली असावी, मागे ताटल्यांचा आवाज येत होता.

“घेतलीस का? मोठी घे गं जरा. वाढत्या अंगाची.”

त्या घरात हा शब्द चिंधीसाठी आजवर कुणी काढला नव्हता, आणि त्यालाही बोलून गेल्यावरच कळलं असावं. फोनवर दोन क्षण नुसत्या ताटल्या वाजत राहिल्या.

“म्हणजे… शाळेत जाईस्तोवर टिकंल,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

“चाचा, मोठी द्या,” नम्रता म्हणाली.

“का?”

“वाढत्या अंगाची पायजे.”

“वेडी का काय तू? पाय पोचणार नायत. वर्षभर भिंतीला टेकवून ठेवशील, नि तोवर तिचं मन उडंल.” चाचांनी दोन्ही सायकली शेजारी ठेवल्या आणि चिंधीला मोठीवर बसवलं. पाय लोंबकळले. पोर ओठ काढून आईकडे बघायला लागली. मग लहानीवर बसवलं. पाय जमिनीला टेकले, आणि कुणी काही सांगायच्या आत ती मागे सरकली, पुढे सरकली, आणि झुहेबच्या रिंगांवरून गेली.

झुहेबनं आजीकडे तक्रार केली. आजीनं त्याला लसणाची पाकळी दिली.

“हे बघ,” चाचा म्हणाले आणि सायकल उलटी केली. सीटखालच्या नळीला तीन भोकं होती. “आता पहिल्या भोकात हाय. तिचे गुडघे हँडलला लागायला लागले की बोल्ट काढायचा, सीट मागं दुसऱ्या भोकात. मग तिसऱ्या. तेरा नंबरचा पाना लागतो. पाच वर्षांची होईस्तोवर जाईल. सायकल वाढते, पोरीला थांबायला लागत नाय.”

नम्रतानं वाकून ती भोकं बघितली. पहिल्यात बोल्ट होता. दुसरं, तिसरं मोकळं, आत नुसता अंधार. तिनं पर्स उघडली, पैसे काढले आणि हात तिथेच थांबला.

खोटं कशाला बोला, ती सासूला भीत नव्हती. सासूला तोंड द्यायला ती समर्थ होती. ती भीत होती त्या नवव्या दिवसाला. आता नवी नेली आणि महिन्यानं, दोन महिन्यांनी पोरीला काही झालं, साधा ताप जरी डोक्यात गेला, तर सगळी बोटं तिच्याकडे. आणि त्यात पहिलं बोट तिचं स्वतःचं. कळतं ते एका बाजूला आणि आतडं एका बाजूला.

“काय झालं गं, पोरी?” रजियानं लसूण बाजूला ठेवला. “पैसे कमी हायत?”

“नाय, चाची.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं. तो, पाळणा, पाच घरच्या चिंध्या, मागितलेलं-वापरलेलं. परक्या बाईला सांगणं सोपं गेलं.

रजिया हसली नाही. “आमच्या सासूचं पण होतं असलं काही काही,” ती म्हणाली. मग जरा विचार करून झुहेबकडे बघितलं. “हात्तिच्या! मग सोपं हाय की. हा बसंल त्याच्यावर. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ दे. झाली वापरलेली. मग तू माझ्याकडं पदर पसरून माग, मी देते. झाली मागितलेली. पैसे चाचांना दे, त्यांचं-माझं मी बघते. सासूला सांग, रजियाच्या नातवाची मागून आणली. यात खोटं काय हाय?”

“वकील व्हायचीस ती लसूण सोलत बसलीस,” चाचा म्हणाले.

नम्रताला हसू आलं. आणि खरंच, वाट सापडली होती. सासू खूश, पोर खूश, देवाच्या दारी हिशेब साफ. झुहेब तर ‘बसू का, बसू का’ करत नाचायलाच लागला होता.

तिनं चिंधीकडे बघितलं. पोरीच्या अंगात कुणाचा तरी पिवळा फ्रॉक होता, छातीवर दुसऱ्याच कुणाचं नाव दोऱ्यानं भरलेलं. ‘मिहिका’. पायांत कुणाच्या तरी चपला, टाचेला आधीच झिजलेल्या, दुसऱ्याच पोराच्या चालीच्या. चिंधी सायकलीच्या हँडलला नाक लावून नव्या रंगाचा वास घेत होती. सव्वादोन वर्षांत तिनं हा वास घेतलाच नव्हता. डोळे मिटून हुंगत होती, आंबा हुंगावा तशी.

“नको, चाची,” नम्रता म्हणाली. “नवीच नेते. नि नवी हाय असंच सांगते.”

“बघ बाई.”

“बघितलं. किती दिवस तिला लपवून ठेवू? आलीय ती. राहणार हाय.”

रजियानं मान हलवली, पुढे होऊन पोरीच्या गालावरून हात फिरवला. “नाव काय गं तुझं?”

चिंधीनं तोंड उघडायच्या आत नम्रता बोलली, “दूर्वा.” पोरीनं चमकून आईकडे बघितलं, ही कोण आणखी?

टमटममध्ये सायकल मांडीवर घेऊन ती कोंडाण्यापर्यंत आली. वाटेत तिघींनी किंमत विचारली आणि तिघींनी ती महागच पडली असं सांगितलं.

आनंदीबाई दारातच तांदूळ निवडत होती. सायकल बघितली. सूप खाली ठेवलं.

“कुणाची?”

“दुकानातली. नवी. तेराशेला घेतली.” नम्रतानं एका दमात सांगितलं. तिनं सायकल खाली ठेवली, हँडल मात्र सोडलं नाही.

आनंदीबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. पाळणा परत घेऊन आली त्या दिवशी असाच होता. उठली, आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती एका हातात तुटकी चप्पल आणि दुसऱ्या हाताची बोटं तव्याच्या काजळीनं माखलेली.

“नवीच आणायची होती तर मला म्हातारीला विचारायचं नाय,” ती म्हणाली. “आता गप उभी राह्य.” लाल रंगावर तिनं काळे पट्टे ओढले, हँडलवर, सीटवर, चाकांवर, आणि मागच्या दांडीला ती चप्पल सुंभानं घट्ट बांधली.

“आई, टेंपो झाला की वो तिचा.”

“होऊ दे टेंपो.”

नम्रतानं अडवलं नाही. एवढं चालेल. नवं ते नवंच होतं, काळं लावलं म्हणून जुनं होत नव्हतं.

चिंधी बसली. भोंगा चिवचिवला, कोंबड्या पळाल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तिनं ओढ्याच्या उताराचं अंग धरलं, चप्पल मागे फडफडायला लागली, वेग वाढला. नम्रता धावली. आनंदीबाई सूप उधळून धावली. लाकडांच्या राशीला सायकल धडकली आणि पोर उडून राशीपलीकडे पडली.

आवाज नाही.

दोघी जागच्या जागी थांबल्या. पुढे जाऊन बघायची हिंमत दोघींचीही होईना, हे खरं. आनंदीबाईनं सुनेचा दंड एवढा घट्ट धरला की काजळीची पाच बोटं उमटली.

मग राशीमागून डोकं वर आलं. केसांत काटक्या, नाकाला माती. चिंधीनं सायकलीकडे रागानं बघितलं, तिला एक लाथ मारली, लाथ मारून पाय दुखला म्हणून “आई गं” म्हणाली, आणि हँडल धरून सायकल ओढत वर घेऊन यायला लागली. परत बसायला.

नम्रतानं जवळ घेऊन डोकं, हनुवटी, हातपाय सगळं चाचपलं. गुडघ्याला खरचटलं होतं, बस. सायकलीला तर तेवढंही नव्हतं. चाक जागेवर, दांडा सरळ.

“पाय टेकायचे, पाय,” नम्रता म्हणत राहिली. “पायच ब्रेक हाय, सोन्या.” आणि मग तिला एवढं हसू यायला लागलं की अंगणातच फतकल मारून बसली. आनंदीबाई लाकडांवर टेकली होती आणि पदरानं तोंड पुसत होती. तोंडभर काजळी फासली गेली तरी तिला पत्ता नव्हता.

“काळतोंडी आजी!” चिंधी म्हणाली. हा शब्द आजीनंच शिकवलेला होता.

महिना गेला. ताप आला, एकदा, दीड दिवस. गेला. त्या दीड दिवसात आनंदीबाई सायकलीकडे बघत बसायची, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोर भोंगा वाजवत बाहेर पडली तेव्हा ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. तोवर उतारावर पाय घासत थांबायला चिंधी शिकली होती. लाल रंगावरची काजळी उडाली, आजीनं ती पुन्हा ओढली नाही. चप्पल मात्र होती.

एका रविवारी राजेश अंगणात दाढी करत होता, नम्रता चुलीपाशी भाकरी थापत होती. आनंदीबाईनं सायकल उलटी करून मांडीवर घेतली.

“रं राजा, ही भोकं कशाला?”

“सीट मागं घ्यायला. पाय लांब झाले की.”

नम्रताचा हात भाकरीवर थांबला.

आनंदीबाई बोटानं भोक चाचपत राहिली. “दुसऱ्यात कधी जायची?”

राजेशनं आरशातून बायकोकडे बघितलं. “दिवाळी होऊन जाईल,” तो सावकाश म्हणाला.

“नि तिसऱ्यात?”

“शाळेत जाईल तेव्हा.”

आता डोळे वटारले जाणार, म्हणून दोघं वाट बघत राहिली. आनंदीबाई उठली, आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली.

“मग आतापासून तेल नको सोडायला?” ती खेकसली. “तोवर गंज चढंल, तुला बोल्ट तरी बसवता येईल का? कशात डोकं नाय या दोघांचं.” आणि करंगळीवर तेल घेऊन तिनं दुसऱ्या भोकात सोडलं, मग तिसऱ्यात जरा जास्त सोडलं.

तव्यावरची भाकरी करपली.